माशी कुठं शिंकली?

नोव्हेंबरमधला शनिवार. सकाळचे नऊ. आठवड्यातली एकमेव सकाळ, जेव्हा गजर लावायचा नसतो. आणि नेमकी तेव्हाच बाल्कनीतून माझ्या फ्लॅटमेटची किंकाळी आली. मला वाटलं, पाल. आमच्या घरात किंकाळीचं कारण बहुतेक वेळा पाल हेच असतं.

बाहेर येऊन बघते तर ही बया कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे उभी आणि बोट कढीपत्त्याच्या कुंडीकडे. एका फांदीला तळहाताएवढं काहीतरी लटकलेलं. त्यावर माश्याच माश्या. एकावर एक, हलणाऱ्या.

पुढे जे झालं ते कुठल्याही सोसायटीत होतं. फोटो ग्रुपवर गेला. पहिला रिप्लाय 'ओ माय गॉड!', दुसरा हात जोडलेले, तिसरा सेक्रेटरीकाकांचा : 'आग्या मोहोळ आहे. कुणीही जवळ जाऊ नये.' वॉचमनकाकांनी खालूनच मान वर करून शिक्कामोर्तब केलं, "आग्याच हाय मॅडम. माणूस मरतंय त्यानं." झालं! दुपारी पेस्ट कंट्रोलवाला आला. तोंडाला रुमाल बांधून त्यानं फवारा मारला, दीड हजार रुपये घेतले आणि गेला. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी बाल्कनी मीच झाडली. सुपली तीनदा भरली. एकीच्या मागच्या पायांना पिवळे गोळे चिकटले होते. मला वाटलं, औषधाचा परिणाम असेल. मग हात धुतले आणि पिझ्झा मागवला.

'ही फुलोरी हो!'

जानेवारीत एका 'वीकेंड गेटअवे' स्टोरीसाठी महाबळेश्वरला गेले होते. तिथून जवळच मांघर नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. इथल्या लोकांचा मधमाशी पाळण्याचा धंदा मात्र त्या बोर्डापेक्षा कितीतरी जुना. मधपाळ म्हणतात त्यांना. अशाच एका मधपाळकाकांच्या अंगणात मी बसले होते. गप्पा रंगल्या तसा मलाही चेव आला. "आमच्याकडेसुद्धा आग्या मोहोळ आलं होतं," असं म्हणत मी मोबाइलमधला फोटो काढून दाखवला. जरा भाव खायला, खरं सांगायचं तर.

काकांनी चष्मा वर सरकवून फोटो जवळून बघितला.

"हे कुठलं आग्या? ही फुलोरी हो! पंजाएवढं पोळं, बघा की. फांदी त्याच्या मधनं गेलीय. आग्याचं पोळं म्हणजे सुपाहून मोठं. तुमच्या कढीपत्त्याला पेलंल का ते?"

मी ओशाळून हसले.

"ही बिचारी चावायच्या आधी पळून जाणारी जात," काका म्हणाले. "संध्याकाळी फांदीसकट अलगद कापून दुसऱ्या झाडाला बांधली असती, तरी चाललं असतं. कधी टिकतात, कधी उडून जातात. मग, काय केलंत पुढं?"

मी काय केलं ते सांगितलं.

काका काही बोलले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मोबाइल परत दिला आणि आत चहा सांगितला.

पायांना चिकटलेले ते पिवळे गोळे म्हणजे पराग होते, हेही त्याच चहावर कळलं. मधमाशीच्या मागच्या पायांवर परागासाठी खास टोपलीसारखी जागा असते. म्हणजे ती माशी पिल्लांसाठी डबा घेऊन घरी आली होती आणि दारातच मेली. आपण ज्यांना मारलं, त्यांचं नावसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं, या विचारानं घाटातला परतीचा प्रवास जरा जड गेला.

कोण कुठल्या मजल्यावर?

पुण्याला आल्यावर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. जगात मधमाशी आणि तिच्या भाऊबंदांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या पोळं बांधून भरपूर मध साठवणाऱ्या, म्हणजे आपण ज्यांना खऱ्या अर्थानं मधमाशी म्हणतो त्या, दहाच्या आसपास. बाकी सगळे वेगळेच लोक! आणि यातले बरेचसे आपल्या आसपासच राहतात. ओळखायचा सोपा फंडा म्हणजे माशी नंतर बघा, आधी घराचा पत्ता बघा.

आग्या. हा आपला बॉस. आकारानं सगळ्यांत मोठी माशी आणि घर नेहमी वरच्या मजल्यावर : कडेकपारी, उंच झाडं, पूल, पाण्याच्या टाक्या, टॉवरचे सज्जे. एकच पोळं, उघड्यावर, खाली अर्धगोल लोंबणारं. ते मीटरभर रुंदसुद्धा असतं. त्यावर माश्यांचा जिवंत पडदा. गांधीलमाशी जवळ आली की या माश्या पोटं वर उचलतात आणि अख्ख्या पोळ्यावरून एक लाट सरकत जाते, डिट्टो स्टेडियममधल्या मेक्सिकन वेव्हसारखी. ती 'इथून निघ' अशी वॉर्निंग असते. ती न ऐकता कुणी दगड मारला, खाली धूर केला, तर मात्र मराठीत 'आग्यामोहोळ उठणं' हा वाक्प्रचार का आहे ते समजतं. पण हीच आग्या एकटी फुलावर असते तेव्हा तिला तुमच्यात काडीचाही इंटरेस्ट नसतो. ती कामावर असते.

फुलोरी. माझी गुन्हा न केलेली भाडेकरू. बारीक चणीची, पोटाचा वरचा भाग तांबूस, खाली काळे-पांढरे पट्टे. हिचंही पोळं एकच आणि उघड्यावर, पण हातभर उंचीच्या झुडपातसुद्धा असतं. पोळ्याचा वरचा भाग फांदीला मिठी मारल्यासारखा गुंडाळलेला, मध तिथंच साठवलेला. मुंग्या येऊ नयेत म्हणून ही फांदीवर दोन्ही बाजूंना चिकट डिंकाचा पट्टा लावते. लक्ष्मणरेषाच! माझ्या फोटोत तो पट्टा स्वच्छ दिसतो. मी तो तेव्हा बघितलाच नव्हता.

सातेरी. केबिनमध्ये बसून काम करणारी सीनियर. हिला अंधार लागतो : झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, कपार. आत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी. सात पोळी म्हणून सातेरी, असं सांगतात. अंधारात राहायची सवय असल्यामुळेच ही लाकडी पेटीत पाळता येते. मांघरच्या पेट्यांत असते ती हीच. हिची एक स्टाइल मला जाम आवडली. गांधीलमाशी घरात घुसली की शेकडो सातेरी तिला चहूबाजूंनी चेंडूसारख्या लपेटतात आणि अंग थरथरवून इतकी उष्णता निर्माण करतात की पाहुणीच मरते. टीमवर्क!

युरोपियन, म्हणजे मेलिफेरा. एमएनसीतून आलेली. १९६२ मध्ये हिमाचलातल्या नगरोटा इथं (तेव्हा तो भाग पंजाबात होता) ही आपल्याकडे यशस्वीपणे रुळली. योगायोग असा, की केंद्र सरकारची मधमाशी संशोधन संस्था आपल्या पुण्यात सुरू झाली तीही १९६२ मध्येच. मेलिफेराही पेटीत राहते, सातेरीपेक्षा थोडी मोठी असते आणि मध जास्त देते. सूर्यफुलाच्या किंवा मोहरीच्या शेताकडेला ओळीनं ठेवलेल्या पेट्या दिसल्या तर बहुधा हीच. वरवर बघून दोघींत गल्लत होते, त्यामुळे तज्ज्ञ मंडळी पंखांवरच्या शिरांची जाळी तपासतात.

हिच्या नावाचा किस्सा तर भन्नाट आहे. १७५८ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं हिला 'मेलिफेरा' म्हटलं, म्हणजे मध वाहून आणणारी. मग त्याच्या लक्षात आलं की माशी फुलातून मकरंद आणते, मध घरी तयार करते. १७६१ मध्ये त्यानं नाव बदलून 'मेलिफिका' म्हणजे मध बनवणारी असं केलं. पण नियम असा की पहिलं नाव तेच खरं. आपलं आधार कार्डावरचं चुकलेलं नाव निदान दुरुस्त तरी होतं! आग्या, फुलोरी आणि सातेरी या तिघींची शास्त्रीय नावं लिनियसच्याच एका विद्यार्थ्यानं, फाब्रिसियसनं, १७८७ आणि १७९३ मध्ये ठेवली. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी या तिघींना नीट वेगळं करून ठेवलंय. आणि आमच्या ग्रुपवर त्या अजून एकच आहेत.

पोया. इंटर्न! मुंगीएवढी काळी माशी, आणि हिला कामाचा डंखच नसतो. फार तर केसांत शिरते, बारीक चावते. जुन्या वाड्यांच्या भिंती, खांबातली भोकं, लाइटच्या मीटरची पेटी, कुठंही ही संसार थाटते. भिंतीतून मेणाची आणि डिंकाची एक छोटी नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी चिमुकल्या माश्या पहारा देत असल्या, की समजा पोया. मध षटकोनी घरांत नाही, छोट्या मडक्यांत साठवते.

आणि फ्रीलान्सर्स...

इथं माझा ऊर भरून आला. कारण जगातल्या बहुसंख्य जाती एकट्यानं राहणाऱ्या आहेत. ना राणी, ना पोळं, ना टीम. स्वतःच घर शोधायचं, स्वतःच पराग आणायचे, अंडी घालून दार बंद करायचं. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही. आपलीच माणसं!

गुलाबाच्या पानाच्या कडा कुणीतरी पंचिंग मशीननं गोल कापल्यासारख्या दिसल्या की आपण अळीचं औषध आणायला धावतो. ती अळी नसते. पानकापी माशी ते तुकडे नेऊन एखाद्या नळीत किंवा भोकात अंड्यांसाठी पाळणे बनवते. पोटावर निळे चमकदार पट्टे असलेली, 'झूं' करत वांग्याच्या फुलाला लटकणारी माशी दिसली तर दोन मिनिटं थांबा. वांगी-टोमॅटोच्या फुलांत पराग बंद नळीत असतात, मिठाच्या डबीसारखे. ही माशी फूल धरून अंग थरथरवते आणि पराग खाली सांडतात. मधमाशीला हे जमत नाही. आणि मोठ्ठा काळा भुंगा, जो खिडकीतून आला की मीटिंग थांबते, तो वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहतो. त्यातल्या नरांना तर डंखच नसतो. डंख हा फक्त माद्यांचा प्रांत. या सगळ्याच जातींत, बरं का!

आणि ज्यांच्यामुळे सगळ्यांची बदनामी होते त्या गांधीलमाश्या मधमाश्या नव्हेतच. कंबर झिरो फिगर, अंग केसाळ नाही तर गुळगुळीत, उडताना पाय लोंबलेले, घर कागदासारखं. त्या किडे-अळ्यांची शिकार करतात, आणि मधमाशीसारखा डंख अंगात सोडून मरत नाहीत, पुन्हा पुन्हा मारू शकतात. शिवाय मधमाशीचा पट्टेरी युनिफॉर्म चोरून घातलेली एक साधी माशीही फुलांवर हवेत एका जागी तरंगत असते. तिला चारऐवजी दोनच पंख. ती काहीही करत नाही. नुसती ॲक्टिंग.

मग खरंच आग्या आलं

एवढा अभ्यास झाल्यावर फेब्रुवारीत डी विंगच्या सातव्या मजल्यावर, टाकीच्या स्लॅबखाली पोळं लागलं. फोटो ग्रुपवर आला. मी झूम करून बघितलं. अर्धगोल, मीटरभर तरी रुंद, त्यावर ती लाट. या वेळी सेक्रेटरीकाका बरोबर होते. ग्रुपवर तोच पेस्ट कंट्रोलचा नंबर आला. 'रेफरन्स : बी विंगच्या मॅडम.' म्हणजे मी!

रविवारी मीटिंग झाली. मी उठून म्हटलं, आत्ता फवारायला नको. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी शांतपणे विचारलं, "तुझ्या बाल्कनीत आलं तेव्हा काय केलंस गं?"

"मारून टाकलं," मी म्हटलं. "आणि ते आग्या नव्हतंच."

कुणीतरी सुचवलं, पेटीत भरून न्यायला सांगू. मी सांगितलं, ते सातेरीचं जमतं, आग्याचं नाही. ती अंधाऱ्या पेटीत राहत नाही. मग डी विंगमधले सहाव्या मजल्यावरचे आजोबा उठले. त्यांना काही वर्षांपूर्वी माशी चावली होती, श्वास कोंडला, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुझ्या माश्यांचं सगळं खरं. माझ्या जिवाचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाचून मिळालेली सगळी हुशारी तिथंच संपली. कारण आजोबांची भीती चुकीची नव्हती. फुलोरीच्या वेळी आम्ही उगाच घाबरलो होतो, या वेळी घाबरायला कारण होतं.

मी मीटिंगमधूनच मांघरच्या काकांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी तीन प्रश्न विचारले. जागा किती उंच? तिथं कुणाची ये-जा आहे का? खाली धूर होतो का? मग म्हणाले, "दिवसाढवळ्या फवारलं तर उठतील आणि खाली खेळणाऱ्या पोरांवर येतील. वाटेत असतं तर रातच्याला जाणकार माणूस आणून काढायला लागलं असतं. वाटेत नाही, तर राहू द्या. पावसाच्या तोंडावर जातात त्या."

मग आम्ही, म्हणजे पार्किंगवरून एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांनी, चक्क यादी केली. गच्चीला कुलूप. टाकी धुणं पुढे ढकललं. रात्री आग्या दिव्याकडे येते, म्हणून वरच्या मजल्यांवरचे बाहेरचे दिवे बंद. होळी दरवर्षी डी विंगसमोर पेटते, ती पार मागच्या गेटपाशी नेली. आजोबांना त्यांचा मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला आणि इमर्जन्सीला काय करायचं ते सगळ्या शेजाऱ्यांना समजावलं. त्यांच्या सगळ्या खिडक्यांना वर्गणीतून जाळी बसवली. वर्गणी ऐच्छिक होती. मी दीड हजार दिले.

सगळं गोड झालं असं नाही. एप्रिलमध्ये पाचव्या मजल्यावरच्या एका आयटीवाल्याच्या घरात रात्री ट्यूबलाइटवर एक माशी आली. त्यानं मॅगझिनची गुंडाळी करून मारायला घेतली, ती मानेला चावली. तीन दिवस ग्रुपवर त्याच्या मानेचे फोटो होते आणि खाली माझं नाव टॅग केलेलं. त्या तीन दिवसांत मी लिफ्टऐवजी जिना वापरला.

मेच्या शेवटी एका सकाळी आजोबांचाच फोन आला. "गेल्या बघ तुझ्या."

वर जाऊन बघितलं. आदल्या दिवशीपर्यंत काळंभोर हलणारं पोळं, आता नुसतं फिकट मेण लोंबत होतं. आजोबा जाळीच्या आतून बघत होते.

"पुढच्या वर्षी येतील का गं?"

"येतात म्हणे. त्याच जागी."

"जाळी आहेच," ते म्हणाले.

माझ्या कढीपत्त्याची ती फांदी अजून आहे. डिंकाचे दोन्ही पट्टे तसेच. मुंग्या अजूनही तिथवर येतात आणि परत फिरतात.

चटकन लक्षात ठेवा

• पोळं दिसलं की फोटो दुरूनच काढा. फ्लॅश नको, दगड नको, धूर तर मुळीच नको.
• तळहाताएवढं आणि झुडपात असेल तर बहुधा फुलोरी. मोठं, अर्धगोल आणि उंचावर असेल तर आग्या. भोकातून ये-जा असेल तर सातेरी किंवा पोया.
• हटवावंच लागलं तर पेस्ट कंट्रोलच्या आधी एखाद्या प्रशिक्षित मधपाळाला विचारा.
• माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड झाका आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी नको, त्या वर वाट बघतात.
• डंख लगेच नखानं खरवडून काढा. त्याच्या वासानं बाकीच्या येतात. ओठ-घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली, तर घरगुती उपाय नकोत, थेट हॉस्पिटल.